अप्पांची अमेरिकन आणि चाकांचा घोळ

किस्से जमवावे लागत नाहीत हो! एक जुनी गाडी घ्या, तिच्याभोवती चार माणसं उभी करा, आणि एकाला दुसऱ्याचं पटणार नाही एवढी फक्त काळजी घ्या. बाकी सगळं आपोआप होतं. माळ्यावर आपण मुद्दाम काहीच ठेवत नाही, तरी एक दिवस दार उघडलं की सगळं अंगावर येतं ना? तसं आमच्या रविवारच्या कंपूचं झालंय. परवा बायको म्हणाली, "ते चाकांचे किस्से एकदाचे कागदावर उतरवा. माझे कान भरले आता." म्हणून बसलोय.

आधी माणसं सांगतो. फार नाहीत.

अप्पा वारज्याचे, मूळ गावातले. शेतं गेली, तिथे टॉवर उभे राहिले, पण घरामागची शेड आणि अप्पांचा आवाज हे दोन्ही अजून शेतातलेच आहेत. गाडी त्यांची. दामले सर इंजिनिअरिंग कॉलेजात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले. अजूनही प्रत्येक वाक्याखाली पट्टीने रेघ मारल्यासारखे बोलतात. शेखर बिबवेवाडीचा, आयटीतला. जगातल्या कुठल्याही विषयावर त्याने एक व्हिडिओ पाहिलेला असतो. आणि मी. कसबा पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. गाडी नाही, जुनी स्कूटर आहे. त्यामुळे कंपूत मी 'अर्धा सभासद' समजला जातो, चाकं निम्मी म्हणून. माझं मत दर वेळी विचारतात आणि धरत कधीच नाहीत.

पाचव्या आक्का. अप्पांच्या पत्नी. त्या कंपूत नाहीत, पण चहा त्यांचा असतो.

*

गाडी अप्पांनी नुसत्या आवाजावर घेतली.

साठच्या दशकातली अमेरिकन मसल कार. लांबलचक बॉनेट, दोनच दारं, स्टिअरिंग डावीकडे आणि आठ सिलिंडरचं इंजिन. कुठल्याशा साखर कारखान्याच्या जुन्या संचालकांच्या बंगल्यामागे कमरेएवढ्या गवतात उभी होती. त्यांच्या नातवाने बॅटरी लावून स्टार्टर मारला. गवतातून दोन मांजरं आणि एक मुंगूस पळालं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी! "ठरलं," म्हणाले. "उचला."

क्रेनने गाडी उचलली, गवत खाली राहिलं, आणि मग चाकं दिसली. पुढचं एक जीपचं होतं. दुसरं कुठल्यातरी टेम्पोचं. मागचं एक मूळचं, पण त्याच्या टायरचा पार चुरमुरा झालेला. आणि चौथ्या जागी चाक नव्हतंच! दगडी जात्याची तळी होती.

"चौथं चाक कुठं हाय?" अप्पांनी विचारलं.

"आजोबांनी त्यात गुलाब लावलाय," नातू म्हणाला. "खूप फुलं येतात."

उचलणाऱ्या माणसांनी गाडीबरोबर जात्याची तळीही ट्रकमध्ये टाकली. ट्रक वारज्यात आला. अख्खी आळी बघायला जमली. आक्का बाहेर आल्या. ट्रकभोवती एक फेरी मारली, तळीवरून हात फिरवला.

"दगड चांगला हाय," म्हणाल्या. "पर ह्याच्यासंगं हे काय आणलंत?"

*

मग सुरू झाला चाकांचा प्रश्न.

तुम्हाला वाटेल, चाक म्हणजे चाक. गोल असलं की झालं. मलाही तसंच वाटायचं. पण या गाडीला मूळची चाकं चौदा इंची. दामले सरांचं म्हणणं, चौदाच हवीत. "ती जशी जन्माला आली, तशीच तिने उभं राहिलं पाहिजे." शेखरचं म्हणणं, आज अठरा इंचाशिवाय गाडीला 'स्टान्स' येत नाही. अप्पांना स्टान्स म्हणजे काय ते कळलं नाही, पण मोठं हवं एवढं कळलं. आणि मोठं म्हटलं की अप्पा तिकडे!

दामले सर तोंडी वादावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी घरी बसून पुठ्ठ्याची चाकं कापली. खऱ्या मापाची! चौदा इंची रिमचा एक संच, अठराचा एक संच. रिम चंदेरी, टायर काळा, मधले नटसुद्धा रंगवलेले. रविवारी शेडबाहेर गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी केली आणि सुतळीने ती चाकं टांगली. एका बाजूला चौदा, दुसऱ्या बाजूला अठरा. आम्ही सगळे रस्त्याच्या पलीकडे जाऊन डोळे बारीक करून बघत उभे राहिलो.

श्रावण संपत आलेला. कोपऱ्यावरच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष बाइकवरून चालला होता. थांबला. पुठ्ठ्याची चाकं बघितली, मोबाइलवर फोटो काढला.

"अप्पा, यंदा देखावा तुमच्याकडं व्हय? कुणी सांगितलंच न्हाई!"

"अरे, देखावा नाही," दामले सर म्हणाले. "चौदा इंच की अठरा इंच, हा विषय आहे."

अध्यक्षाने गंभीरपणे मान हलवली. "सामाजिक हाय का पौराणिक?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वादग्रस्त," म्हणाले.

*

वाद मिटायच्या आतच शेखरने ऑनलाइन अलॉय मागवले. सरप्राइज म्हणून! चकचकीत, काळे, अठरा इंची. खोकी उघडली तेव्हा अप्पा त्यांच्यात स्वतःचा चेहरा बघून मिशी नीट करत होते.

लावायला गेलो, तर बसेनात. एक नट बसला की दुसरा तिरका. दुसरा बसवला की पहिला बाहेर. शेखर म्हणे, "बसतील, थोडं फोर्स करा." दामले सर म्हणे, "फोर्स मोजायचा असतो, करायचा नसतो."

शेवटी एक अलॉय रिक्षात घालून मी आणि शेखर पेठेतल्या एका रिमवाल्याकडे गेलो. माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून ते बसतात. काका पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "बोला."

शेखरने सगळं सांगितलं. "काका, गाडीला नट पाच आहेत. रिमलाही भोकं पाच आहेत. मग प्रॉब्लेम काय?"

काकांनी आता पेपर खाली घेतला. "भोकं पाच, कबूल. पण ती मध्यापासून किती लांब आहेत, ते बघितलंत? माझ्या हातालाही बोटं पाच आहेत आणि तुमच्याही. म्हणून तुमची अंगठी मी घालू का?"

"पण काका, वेबसाइटवर लिहिलं होतं, युनिव्हर्सल फिट!"

"बरोबर आहे," काका म्हणाले. "युनिव्हर्सल म्हणजे विश्वात कुठेतरी बसतील. विश्वात शोधा." आणि पेपर परत वर घेतला.

कंपनी परत घेईना. शेखरने त्यातला एक हॉलमध्ये आडवा ठेवला, वर गोल काच टाकली आणि टीपॉय केला. परवा मी त्याच्याकडे चहा प्यायला गेलो होतो. शेखरची बायको म्हणाली, "भावजी, काच एकदम फिट बसली बघा. कारण ती मी मापून आणली."

*

मधल्या काळात दामले सरांच्या स्वतःच्या गाडीचं एक प्रकरण झालं, ते सांगायलाच हवं.

सरांकडे एक जुनी छोटी गाडी आहे. ती दसऱ्याला बाहेर निघते, सोसायटीला एक प्रदक्षिणा घालते आणि परत पांघरूण घेऊन झोपते. तिच्या टायरांचा सरांना विलक्षण अभिमान. "नक्षी बघा! एक रेघ झिजलेली नाही." टायरांना किती वर्षं झाली असं कुणी विचारलं, की सर विषय बदलायचे. टायरच्या कडेला टाचेला पडतात तशा भेगा पडल्या होत्या. मी एकदा खिशातलं भिंग काढून त्यांना दाखवल्या, तर म्हणाले, "ते डिझाइन आहे."

शेखर सांगून थकला. "सर, रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. नक्षी बघून काही कळत नाही."

"ते तुमच्या आजकालच्या रबराचं," सर म्हणाले.

एका रविवारी भर दुपारी सोसायटीची मीटिंग चालली होती. विषय पाण्याचा, वातावरण तापलेलं. सेक्रेटरी म्हणाले, "यावर कुणाला काही बोलायचंय का?" आणि खाली पार्किंगमध्ये धडाम! लोक जिन्याकडे पळाले. कुणी म्हणे सिलिंडर, कुणी म्हणे ट्रान्सफॉर्मर. जाऊन बघतात तर सरांची गाडी एका बाजूला कलून, पांघरुणासकट लवंडलेली. जागच्या जागी टायर फुटलेला!

"अहो दामले, उभ्या गाडीचा टायर कसा फुटला?" सेक्रेटरी म्हणाले.

"तेच तर मी विचारतोय!" सर कडाडले. "चालवली असती, तर जबाबदारी घेतली असती. मी हातही लावलेला नाही!"

संध्याकाळी शेखरने फोन केला. "सर, आता मात्र चारही टायर काढा. रि-टायर व्हायची वेळ आलीय."

"मी एकदा झालोय," सर म्हणाले. "पेन्शन चालू आहे." आणि फोन ठेवला.

*

इकडे अप्पांचा धीर सुटला. गाडी ठोकळ्यांवर उभी राहून राहून आळीतल्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायला लागल्या होत्या. एक दिवस कुणालाच न विचारता अप्पा भंगार बाजारात गेले आणि चार रुंद चाकं घेऊन आले. नट बसले. टायर असे गलेलठ्ठ, की पुढून बघितलं तर गाडी लुंगी सावरत उभी आहे असं वाटायचं.

अप्पा खूश. आम्हीही खूश. फक्त एक अडचण निघाली. डावीकडे वळवली की पुढचा टायर मडगार्डच्या पत्र्याला घासायचा. असा आवाज यायचा की रस्त्यावरची माणसं दातावर हात ठेवायची. पत्रा थोडा कापला की प्रश्न सुटला असता. पण दामले सर मध्ये उभे राहिले. "पत्र्याला कात्री लागली, तर या शेडमध्ये मी परत पाऊल टाकणार नाही."

अप्पा सरांना फार मानतात. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. आपण उजवीकडंच वळू."

आणि खरंच, बरेच दिवस अप्पा फक्त उजवीकडे वळत फिरले! डावीकडे जायचं असलं, की सरळ पुढे जायचं आणि तीनदा उजवीकडे वळायचं. "भूमितीच्या दृष्टीने हे निर्दोष आहे," सर म्हणाले. भूमितीच्या दृष्टीने असेलही. पण भूमितीत वन-वे नसतात.

अप्पांच्या धाकट्या भावाच्या मुलाचं लग्न निघालं. कार्यालय बिबवेवाडीला. पुतण्याला अप्पांनी लहानपणापासून खांद्यावर खेळवलेला. त्याच्या लग्नाला अमेरिकन न्यायचीच, असं ठरलं. आक्कांनी गाडीकडे एकदा बघितलं, अप्पांकडे एकदा बघितलं आणि रिक्षा बोलावली. अप्पांबरोबर बसलो मी.

कार्यालय रस्त्याच्या डाव्या हाताला होतं.

आम्ही त्याच्यासमोरून गेलो. सनई ऐकू आली. पुढे जाऊन उजवीकडे वळलो, परत उजवीकडे, तिसऱ्या उजवीकडे रस्ता खणलेला. मागे फिरलो. परत समोरून गेलो, आता मंगलाष्टकं ऐकू येत होती. अप्पांनी हॉर्न वाजवला. आतून कुणीतरी हात केला. आम्ही पुढे गेलो! या वेळी वन-वे लागला आणि आम्ही पार मार्केट यार्डाच्या बाजूला निघालो. अप्पांच्या कपाळावर घाम. मुठीत अक्षता, स्टिअरिंगला चिकटलेल्या.

शेवटी पोचलो तेव्हा पहिली पंगत बसली होती. भाऊ समोर आला. त्याचे डोळे लाल.

"सख्खा चुलता, आन् अक्षतांना न्हाईस? कुठं व्हतास?"

"हितंच व्हतो रे," अप्पा म्हणाले. "चारी बाजूंनी व्हतो."

भाऊ पाठ फिरवून निघून गेला. अप्पा तिथेच उभे. एवढा मोठा माणूस, पण नव्या फेट्यात अगदी पोरका दिसत होता. हसावं की रडावं ते मला कळेना. तेवढ्यात आक्का आल्या. अक्षतांच्या वेळी त्या वेळेवर हजर होत्या. अप्पांच्या मुठीतले तांदूळ त्यांनी आपल्या पदरात घेतले.

"चला, जेवून घ्या," म्हणाल्या. "पंगत डाव्या अंगाला हाय. जमंल ना?"

*

भाऊ दिवाळीपर्यंत बोलला नाही. अप्पांना ते फार लागलं. एका रविवारी चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाले, "सर, शेखर, आता तुम्ही दोघं मिळून ठरवा. जी चाकं सांगाल ती. पर डावीकडं वळायला पायजे."

हे ऐकल्यावर दोघेही जरा वरमले. दामले सर चौदावरून एक इंच वर आले, शेखर अठरावरून तीन इंच खाली आला, आणि पंधरावर तह झाला. त्या दिवशी सर आणि शेखर यांनी एकमेकांशी हात मिळवला. आम्ही फोटो काढून ठेवलाय, कारण परत कुणी विश्वास ठेवणार नाही. पंधरा इंची रिम, टायर फार रुंद नाही, कडेची भिंत मात्र चांगली जाड. आपल्याकडच्या खड्ड्यांत पातळ कडेचा टायर घातला की दणका थेट रिमला बसतो, हे शेखरनेच समजावून सांगितलं. सरांची एकच अट होती, की टायरला बाहेरून पांढरा पट्टा हवा.

पांढऱ्या पट्ट्याचे टायर! पुण्यात! पहिल्याच फेरीत पट्टा चहाच्या रंगाचा झाला. मग रोज सकाळी अप्पा पाट बसायला घेऊन, साबणाचं पाणी आणि टूथब्रश घेऊन चाकापाशी बसायला लागले. गोल गोल, हळुवार. मध्ये मान मागे घेऊन लांबून बघायचं, परत घासायचं.

आक्का ओट्यावरून बघत होत्या.

"आवो, ह्यो ब्रश कुणाचा?"

"माझाच, जुना."

"बरं," आक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा पाटावर बसले, तर चाकाशेजारी दुधाचं करपलेलं पातेलं ठेवलेलं.

"हे काय?"

"घासा," आक्का आतून म्हणाल्या. "हे बी गोलच हाय."

*

पातेलं चकचकीत निघालं, पण पट्टा काही टिकला नाही. मग टायर उलटे घालून पट्टा आतल्या बाजूला घेतला. बाहेर नुसती काळी बाजू. अप्पांना ती बोडकी वाटायला लागली. शेखरने त्यांना परदेशातल्या गाड्यांचे फोटो दाखवले. त्यांच्या टायरवर पांढरी ठसठशीत अक्षरं असतात. अप्पा म्हणाले, "आपण आपल्या भाषेत लिहू."

कसब्यातल्या एका पेंटरला मीच घेऊन गेलो. त्याने चारही टायरवर सुरेख वळणदार अक्षरांत लिहिलं, 'भैरवनाथ प्रसन्न'. ग्रामदैवत! अप्पांनी नारळ फोडला.

आता अडचण अशी, की चाक फिरतं. गाडी थांबते तेव्हा अक्षरं कुठे थांबतील, ते कुणाच्या हातात नसतं. एका चाकावर भैरवनाथ सरळ, तर दुसऱ्यावर शीर्षासनात! अप्पांना ते सहन होईना. गाडी उभी करायची म्हणजे थोडी पुढे, थोडी मागे, उतरून बघायचं, परत चढायचं. एकदा देवळासमोर अप्पांचं हे इतका वेळ चाललं, की चौकातला ट्रॅफिक पोलीस शेवटी जवळ आला.

"काका, एवढी मोकळी जागा हाय. पार्किंग जमंना का?"

"पार्किंग जमलंय हो," अप्पा म्हणाले. "देव सरळ होईना!"

पावसाळी दिवस होते. गाडी घरी आली तेव्हा टायर चिखलाने माखलेले. आक्का दारातच उभ्या होत्या. चाकावरचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं आणि पटकन हात जोडले. मग अप्पांवर अशा काही कडाडल्या, की शेखरने हेल्मेट घातलं.

"देवाचं नाव चाकाला? चिखलात? शेणात? काय अक्कल बिक्कल हाय का न्हाई?"

अप्पांनी त्याच दिवशी पेंटरला परत बोलावलं. देवाचं नाव सन्मानाने पुसलं. पण टायर मोकळे कसे ठेवायचे? म्हणून त्या जागी स्वतःचं नाव लिहून घेतलं. चारही चाकांवर, 'अप्पा'.

आक्कांनी येऊन बघितलं. पायाने एका टायरवरचा चिखल थोडा वर सरकवला.

"हां," म्हणाल्या. "आता बरोबर हाय."

*

आता शेवटचा. हा सांगताना आम्ही चौघंही एकमेकांकडे बघत नाही.

कॅम्पात जुन्या गाड्यांची एक फेरी निघणार होती आणि अप्पांच्या अमेरिकनला पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. रविवार सकाळ. गाडी धुऊन पुसून शेडबाहेर आणलेली, गल्लीच्या तोंडाशी उभी. चावी आत. आम्ही चौघं इस्त्रीच्या शर्टांत.

आणि टायरमध्ये हवा किती ठेवायची यावर वाद पेटला! दामले सर म्हणाले, गाडीच्या मूळ पुस्तकात दिलीय तेवढी. शेखर म्हणाला, पुस्तक त्या काळच्या टायरांसाठी होतं, आजच्या टायरला जास्त लागते. सरांकडे एक मीटर होता, शेखरकडे दुसरा. दोघांनी एकच चाक मोजलं. आकडे वेगळे! मग मीटर कुणाचा खरा, यावर वाद.

तेवढ्यात आक्का शेजारच्या घरातून घाईघाईने आल्या. शेजारच्या सविताची दुसरी खेप, दिवस भरलेले, नवरा रात्रपाळीहून अजून यायचा होता.

"आवो, गाडी काढा वाटंतनं. सविताला कळांवर कळा येत्यात. रिक्षा आत येईना."

"काढतो, काढतो," अप्पा म्हणाले. "एवढी हवा बघून घेतो. कमी हवेवर हलवली तर रिमला धोका हाय."

"किती वेळ?"

"आत्ता आलो!"

चौकापलीकडच्या पंक्चरवाल्याकडे मोठा मीटर आहे. दोन्ही मीटर त्याच्याशी ताडून बघायचे ठरले. मला काटा वाचायला घेतलं, चष्मेवाला म्हणून. पंक्चरवाल्याचा मीटर बघितला, तर त्याचा तिसराच आकडा! मग तो कधी तपासून घेतला होता, त्याची चौकशी. मग त्याच्याशी सरांचं वाजलं. शेखरने तासाभराचा एक व्हिडिओ लावला. तो आम्ही पूर्ण बघितला.

परत आलो, तर गल्ली मोकळी. गाडी नाही!

अप्पा तिथेच मटकन बसले. "गेली," म्हणाले. "माझी अमेरिकन गेली!"

आम्ही त्यांना धरून चौकीत नेलं. अप्पा बाकावर डोकं धरून बसले, म्हणून तक्रार सांगायला दामले सर पुढे झाले.

"लिहा. रिम पंधरा इंची. पोलादी. टायरची भिंत जाड."

"टायरचं नको," पोलीस म्हणाले. "गाडीचा रंग सांगा."

"मरून," अप्पा म्हणाले.

"विटकरी," सर म्हणाले.

"बरगंडी मेटॅलिक," शेखर म्हणाला.

पोलिसांनी पेन खाली ठेवलं. "नंबर?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. टायरचा आकडा चौघांनाही तोंडपाठ होता. गाडीचा नंबर एकालाही आठवेना!

"घरातल्या कुणी नेली असंल," पोलीस म्हणाले. "विचारलंत का?"

"घरात कोण हाय?" अप्पा म्हणाले. "आमची मंडळी. शेतातला ट्रॅक्टर सोडला तर तिनं जन्मात स्टिअरिंगला हात लावला न्हाई. त्यात ही लेफ्ट हँड. मलाच जड जाती."

"ढकलत नेली, का चालवत?"

"चालवतच नेली असणार," शेखर म्हणाला. "ढकलून हलणारी गाडी नाही ती."

"मग चाकं बरोबर होती म्हणायची," पोलीस म्हणाले आणि टोपी घालून आमच्याबरोबर जागा बघायला निघाले.

आम्ही गल्लीत पोचतो न पोचतो, तोच मागून आवाज आला. आठ सिलिंडरचा! चौघंही गर्रकन वळलो. मोठ्या रस्त्यावरून अमेरिकन सावकाश डावीकडे वळली, गल्लीत शिरली, आणि बरोबर शेडच्या दारापुढे येऊन एका दमात थांबली. डाव्या सीटवर आक्का होत्या. पदर खोचलेला. शेजारची सीट रिकामी, तिच्यावर सविताची चादर.

अप्पा धावले. आम्ही धावलो. अप्पा थेट पुढच्या चाकापाशी जाऊन गुडघ्यांवर बसले, रिमवरून बोटं फिरवायला लागले. सर मागच्या चाकाशी वाकले. शेखरने मीटर काढला.

"खड्ड्यात आपटली न्हाईस ना?" अप्पांनी खालूनच विचारलं. "रिमला काय झालं का?"

आक्का उतरल्या. दार लावलं. पदराने कपाळ पुसलं.

"पोरगी झाली," म्हणाल्या.